बिलाआधीचा शेतकरी, बिलानंतरचा शेतकरी

कागदावर छापलंय : ५ ५ ५. समोरचा विचारतो, इथे आकडे किती आहेत ते सांगा. कोणता आकडा आहे ते नको. उत्तर तीन. पण डोळ्यांना पाच दिसतो आणि जिभेवरही पाचच येतो. तो गिळून ‘तीन’ म्हणायचं तर क्षणभर स्वतःला आवरावं लागतं. अशा एकामागून एक ओळी. सगळ्या संपायला किती वेळ लागला आणि जीभ किती वेळा घसरली, एवढंच मोजायचं. चाचणी शब्दांऐवजी आकड्यांची घेतली, कारण पुढे बसलेल्या अनेकांना वाचनाची सवय नव्हती.

तमिळनाडूतल्या विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलै या जिल्ह्यांमधल्या ५४ गावांतले ४६४ लहान ऊस उत्पादक या अभ्यासात होते. त्यांची परीक्षा दोनदा झाली : एकदा ऊस तुटण्याआधी, एकदा ऊस जाऊन पैसे हातात आल्यावर. आधी सगळ्या ओळी संपवायला सरासरी १४६ सेकंद लागले, नंतर १३१. चुका आधी ५.९३, नंतर ५.१६. जोडीला आकृत्यांची एक चाचणी होती, रेव्हन यांच्या नावाने ओळखली जाणारी. नक्षीतला एक तुकडा गाळलेला असतो आणि खाली दिलेल्या पर्यायांतून तो शोधायचा असतो. त्यात आधी सरासरी ४.३५ उत्तरं बरोबर आली, नंतर ५.४५.

मधल्या काळात ना कुणी शाळेत गेलं, ना कुणाचा जन्म दुसऱ्या घरात झाला. माणसं तीच, गाव तेच, रान तेच. बदललं होतं ते खिशातलं.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ या चौघांनी हे निष्कर्ष ऑगस्ट २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात त्यावर टीका झाली, काही भाग डळमळीत झाला, काही भागाला पुष्टी मिळाली. तरी गरिबीच्या मानसशास्त्राबद्दल बोलायला मला आजही हेच प्रकरण सगळ्यात कामाचं वाटतं. गरिबाची तुलना यात श्रीमंताशी केलेली नाही. त्याची तुलना त्याच्याशीच केली आहे.

ऊसच का

गरिबीचा मनावर काय परिणाम होतो हे तपासायला निघालं की पहिल्याच पावलाला पाय अडकतो. गरीब आणि सुखवस्तू माणसं शेजारी बसवली आणि गरिबाला कमी गुण मिळाले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याला शाळा कमी मिळाली असेल, लहानपणी पोषण कमी मिळालं असेल, आजारपणं जास्त झाली असतील. शिवाय खवचट प्रश्न उरतोच : मुळात डोकं कमी म्हणून गरीब, की गरीब म्हणून डोकं कमी चाललं? हा वाद पारावर होतो आणि विद्यापीठातही होतो. शब्द तेवढे वेगळे असतात.

उसाने ही अडचण बरीचशी सोडवली. या शेतकऱ्यांच्या उत्पन्नाचा किमान ६० टक्के भाग उसातून येत होता आणि तो वर्षातून एकदाच, एकरकमी. पैसा आला की काही महिने बरे जातात. पुढचं पीक तयार होईपर्यंत तो पुरवायचा असतो. एकरकमी आलेला पैसा वर्षभर समान पसरवणं पगारदारालाही जमत नाही. इथे तर मध्ये आजारपण येतं, लग्न येतं, मोटार जळते. तोडीच्या आधीचे महिने म्हणजे दुष्काळातला तेरावा महिना.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तोड कधी येणार हे शेतकरी ठरवत नाही, कारखाना ठरवतो. कारखान्याची गाळपाची क्षमता ठरलेली असते. सगळ्यांचा ऊस एकाच आठवड्यात घेता येत नाही, म्हणून तोडणीचा कार्यक्रम तीन ते पाच महिन्यांवर पसरतो. ऊस लावणाऱ्या कुणालाही, मग तो कोल्हापूरचा असो की विळुप्पुरमचा, ही पाळीची वाट पाहणं समजावून सांगावं लागत नाही. अभ्यासकांना यातून सोय झाली. एकाच महिन्यात एकाच भागात कुणी तोडीआधीचा सापडतो, कुणी तोडीनंतरचा. त्यामुळे ‘थंडीत डोकं बरं चालतं’ किंवा ‘सणाच्या आसपास लोक खूश असतात’ अशी स्पष्टीकरणं गळून पडतात. पाळी आधी लागली की नंतर, याचा माणसाच्या हुशारीशी संबंध नव्हता.

आता हात किती आखडलेला होता ते पाहू. तोडीआधी ७८ टक्के लोकांचं काही ना काही गहाण होतं. तोडीनंतर ४ टक्के लोकांचं. डोक्यावर कर्ज असणारे आधी ९९ टक्के, नंतर १३. तमिळनाडूत दागिने गहाण ठेवून पैसा उचलणं ही काही लाजेची किंवा क्वचितची गोष्ट नव्हे, ती तिथली नेहमीची पतव्यवस्था आहे. पण नेहमीची आहे म्हणून मनावर तिचा भार नाही असं होत नाही. सोडवायची मुदत, वाढतं व्याज, तेवढ्यात आलेलं एखादं लग्न आणि गळा मोकळा दिसेल ही धास्ती, हे सगळं डोक्यात एकाच वेळी चालू असतं.

मग बदललं काय

सोपी उत्तरं आधी बाजूला काढू. उपाशीपोटी डोकं चालत नाही, हे खरं. पण या शेतकऱ्यांचा खाण्यावरचा खर्च दोन्ही वेळी जवळपास सारखाच होता. दुसऱ्यांदा परीक्षा दिली म्हणून सराव झाला असेल? त्यासाठी १०० शेतकऱ्यांना पहिल्या फेरीपासून मुद्दाम दूर ठेवलं होतं. त्यांची पहिलीच चाचणी तोडीनंतर झाली, आणि तोडीआधी पहिल्यांदा बसलेल्यांपेक्षा त्यांचे निकालही चांगले आले. ताण? ताण होताच. नाडी आणि रक्तदाब मोजले तेव्हा तोडीआधी ते चढलेले दिसले. पण ताणाचा हिशेब वजा केला तरी चाचण्यांमधला फरक पुसला गेला नाही.

उरतं ते लक्ष. मुल्लैनाथन आणि शफीर यांचं म्हणणं असं की माणसाच्या डोक्यातली काम करायची जागा मर्यादित आहे, आणि टंचाई त्यातली बरीच जागा भाडं न देता अडवून बसते. इंग्रजीतून आलेला ‘बँडविड्थ’ हा शब्द ते यासाठी वापरतात. मला आपला ‘व्याप’ हा शब्द पुरेसा वाटतो. ‘माझ्या डोक्याला फार व्याप आहे’ असं म्हणणारी बाई नेमकं हेच सांगत असते.

हा व्याप विसरभोळेपणासारखा नसतो. त्याला उलट धार असते. ज्याच्याकडे शंभरच रुपये आहेत त्याला ते शंभर कुठे गेले हे पक्कं ठाऊक असतं; दुकानातल्या सुट्या पैशांचा हिशेब सुखवस्तू माणसापेक्षा गरीबच जास्त अचूक सांगतो. लक्ष कमी झालेलं नसतं, ते एका जागी खिळलेलं असतं. शुक्रवारी सावकाराला काय सांगायचं, हे जो तासातून पाच वेळा मनात घोळवतो त्याला शुक्रवारपर्यंतचं सगळं लख्ख दिसतं. शुक्रवारनंतरचं मात्र धुक्यात जातं. आणि विम्याचा अर्ज, मुलाच्या शिष्यवृत्तीचा दाखला, रक्तदाबाची रोजची गोळी, पुढच्या हंगामाचं बेणं, हे सगळं नेमकं शुक्रवारनंतरच्या जगातलं असतं.

बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसतं? याने गोळी घेतली नाही. अर्जावर सही करायला आला नाही. दामदुपटीच्या व्याजाने पैसे उचलले. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण त्याला सगळ्यात आधी ऐकवली जाते. कर्ज देणारा, योजना राबवणारा, खडे बोल सुनावणारा पाहुणा, हे सगळे त्याला गाठतात ते बहुधा तो अडचणीत असतानाच. अडचण नसताना त्याच्या दारात यायचं त्यांना कारण नसतं. म्हणजे वर्षभरातल्या दोन माणसांपैकी त्यांची ओळख एकाशीच होते, आणि त्या ओळखीवरून स्वभावाचा दाखला दिला जातो. गरिबीच्या प्रश्नातला सामाजिक भाग मला इथे दिसतो. पैसे नसणं ही एक अडचण. पैसे नसतानाचं वागणं हाच याचा स्वभाव असं चारचौघांनी ठरवून टाकणं, ही दुसरी. आणि काही काळाने तो स्वतःही म्हणू लागतो, ‘आपल्याला नाही जमत असलं काही.’

तेरा या आकड्याचा घोळ

‘सायन्स’मधल्या त्याच लेखात एक दुसरा प्रयोग होता, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका मॉलमधला. ग्राहकांना एक काल्पनिक प्रसंग सांगितला : तुमची गाडी बिघडली आहे, दुरुस्तीला १५० डॉलर लागतील, काय कराल? काहींना हाच प्रसंग १५०० डॉलरचा करून सांगितला. ते विचार करत असतानाच वरच्यासारख्या चाचण्या घेतल्या. १५० डॉलरच्या प्रसंगात कमी आणि जास्त उत्पन्नाच्या लोकांचे गुण सारखेच आले. १५०० म्हटल्यावर जास्त उत्पन्नवाल्यांवर काही परिणाम नाही, कमी उत्पन्नवाल्यांचे गुण मात्र घसरले. ही घसरण एक अख्खी रात्र जागून काढल्यावर होते तेवढी, किंवा बुद्ध्यांकाच्या भाषेत सुमारे १३ अंकांची, असं सांगितलं गेलं.

झालं. जगभरच्या बातम्यांनी तेवढंच उचललं : ‘गरिबीमुळे बुद्ध्यांक १३ ने घटतो.’ ज्या अभ्यासाने ‘हे मुळातलं नाही, प्रसंगातलं आहे’ असं सांगितलं, त्याच्यातूनच गरिबाच्या कपाळावर आणखी एक शिक्का तयार झाला. बुद्ध्यांक म्हटलं की लोकांना कायमचं, रक्तातलं काहीतरी वाटतं. जागरणाची उपमा खरी नेमकी होती, कारण जागरण केलेल्या माणसाला कुणी मंद म्हणत नाही, त्याला झोपू देतात. पण जागरणाची बातमी होत नाही.

शंका घेणारे

हे प्रकरण पवित्र मानायचं कारण नाही. ‘सायन्स’मध्येच त्याच वर्षी वाइखर्ट्स आणि शोल्टेन यांनी मॉलच्या प्रयोगातल्या विश्लेषणावर बोट ठेवलं : उत्पन्न हा सलग चढत जाणारा आकडा आहे, त्याचे मधोमध तुकडे करून ‘गरीब’ आणि ‘श्रीमंत’ असे दोनच गट का केले? मूळ लेखकांनी उत्तर दिलं, वाद पूर्ण मिटला नाही.

जास्त वजनदार आव्हान २०१६ साली आलं. कार्व्हालो, मायर आणि वांग यांनी अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना पगाराच्या आधी आणि पगारानंतर तपासलं. आधी हातात रोकड कमी होती, खर्चही आवरलेला होता. पण विचारशक्तीच्या चाचण्यांमध्ये फरक आढळला नाही. पुढे २०२१ मध्ये टंचाईच्या मानसशास्त्रातले २० प्रयोग नव्याने करून पाहण्यात आले, त्यातले बरेचसे टिकले नाहीत. मॉलसारखे, काल्पनिक प्रसंग सांगून क्षणभर टंचाई ‘आठवून देणारे’ प्रयोग आता मीही हात राखूनच वाचतो.

पण उसाचं प्रकरण आणि पगाराचं प्रकरण एका तराजूत घालता येतील का? पगाराची तारीख ठरलेली असते. महिनाअखेर तंगी असली तरी एक तारखेला काय येणार हे रुपयापर्यंत माहीत असतं. उसाच्या बाबतीत तोड कधी, वजन किती भरेल, साखरेचा उतारा किती लागेल, बिल कधी जमा होईल, यातलं काहीच पक्कं नसतं. दोन आठवड्यांची ओढाताण आणि कित्येक महिन्यांची टांगणी या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. माझा अंदाज असा की डोकं अडवून ठेवतं ते रिकाम्या खिशापेक्षा हे अधांतर. पण तो अंदाजच. उसाच्या अभ्यासात कमी पैसा आणि अनिश्चित पैसा हे दोन्ही एकत्रच येतात, त्यामुळे त्यांना वेगळं काढता येत नाही. या प्रकरणातलं हे खरं वैगुण्य, आणि गटांच्या वादापेक्षा मला ते मोठं वाटतं.

पत्रावळींचा पुरावा

ओडिशात सुप्रीत कौर, मुल्लैनाथन, सुआन्ना ओह आणि फ्रँक शिलबाख यांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी चाचणीचा कागद बाजूला ठेवला आणि थेट कामच मोजलं. काम होतं पानं जोडून पत्रावळी करायचं, मजुरी नगावर. मजूर ४०८, आणि काळ असा की इतर काम जवळपास नसतंच. मजुरी सगळ्यांना सारखीच मिळणार होती. काहींना तिचा भाग थोडा आधी दिला, बाकीच्यांना शेवटी.

पैसे आधी मिळालेल्यांनी पहिलं काम केलं ते देणी चुकवण्याचं आणि घरात सामान भरण्याचं. नंतरच्या दिवसांत त्यांचं उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, आणि ज्यांची ओढाताण जास्त त्यांच्यात वाढ जास्त दिसली. आधी मिळाले म्हणजे जास्त मिळाले असं नव्हतं, रक्कम तीच. उपकाराची परतफेड म्हणून जोर लावला असेल, पोटभर खाल्लं म्हणून हात चालला असेल, या शक्यताही त्यांनी तपासल्या; त्यांनी फरकाचा उलगडा होत नव्हता.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट सात टक्क्यांची वाटत नाही. चुकाही कमी झाल्या, ती. पत्रावळ लावताना लक्ष नसलं की पान जास्त लागतं, टाका जास्त घालावा लागतो, लावलेलं उसवून पुन्हा बसवावं लागतं. नुसता हुरूप वाढला असता तर हात भरभर चालला असता आणि चुका वाढल्या असत्या. इथे वेग वाढला आणि पानांची नासाडी कमी झाली. म्हणजे मन कामात होतं. आणि नगावर मजुरी असल्यामुळे उलट बाजूही तितकीच खरी : ज्या दिवसांत पैशांची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच दिवसांत चिंतेपायी कमाई कमी.

उपाय म्हणून काय दिसतं

या प्रकरणातून ‘गरिबांना आर्थिक साक्षरता शिकवा’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. वर्ग घ्यायला हरकत नाही. पण तो तोडीच्या आधी घेतला तर आधीच भरलेल्या डोक्यात आणखी एक गाठोडं ठेवण्यासारखं आहे. कशाची वेळ कधी, हा प्रश्न जास्त उपयोगी.

पश्चिम केनियातल्या मक्याच्या शेतकऱ्यांबाबत एस्थर ड्युफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी हेच पाहिलं. खत घालायचं शेतकऱ्यांच्या मनात असे, पण घालायची वेळ येईपर्यंत पैसे संपलेले असत. पीक निघाल्याबरोबर, हातात पैसा असतानाच, खत विकत घेऊन ठेवायची संधी आणि त्यावर छोटीशी, ठरावीक मुदतीची सवलत दिली, तेव्हा वापर ४७ ते ७० टक्क्यांनी वाढला. खत तेच, शेतकरी तेच, उपदेश शून्य.

आपल्याकडच्या उसाच्या बाबतीत तर वेळेचा नियम कायद्यात आधीपासूनच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज द्यावं लागतं. हा नियम तमिळनाडूतही लागू आहे आणि महाराष्ट्रातही, आणि थकलेली बिलं दोन्हीकडे सगळ्यांच्या परिचयाची आहेत. थकबाकीची चर्चा नेहमी कोटींच्या आकड्यांत होते. विळुप्पुरमचे आकडे हाताशी ठेवले तर तिचं आणखी एक माप दिसू लागतं : बिल जितके दिवस लांबतं तितके दिवस तो शेतकरी १४६ सेकंदांचा माणूस म्हणून जगतो, आणि पुढच्या लावणीचे, पुढच्या कर्जाचे निर्णय त्याच अवस्थेत घेतो. व्याजाच्या १५ टक्क्यांत ही भरपाई बसत नाही. मिळालंच व्याज तर.

प्रकरणाच्या बाहेर राहिलेले

एवढं सगळं मोजता आलं, कारण या शेतकऱ्याला वर्षात एक ‘नंतर’ होतं. जमीन होती, ऊस होता, आज ना उद्या बिल येणार होतं, दागिने सुटणार होते. अभ्यासाची सगळी रचनाच त्या एका चढावर उभी आहे.

त्याच उसाच्या फडात वाकून ऊस तोडणारी माणसं मात्र या रचनेत बसत नाहीत. आपल्याकडचा ऊसतोड मजूर हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतो, कोयता धरतो तो ती फेडण्यासाठी, आणि हंगाम संपताना फिटली नाही तर राहिलेली पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. पैसा आधी येतो आणि खर्च होऊन गेलेला असतो, काम मागून येतं. त्याच्या वर्षात तोडीआधी आणि तोडीनंतर असे दोन महिने शोधायला गेलं तर दोन्हीकडे देणंच सापडतं. त्याची चाचणी घेतली तर एकच आकडा मिळेल, आणि तो ताडून पाहायला त्याचाच दुसरा आकडा नसेल.